अमेरिकेतल्या शाळेत मुलाची इयत्ता कशी ठरते: निघण्याआधीपासून पहिल्या महिन्यापर्यंत

‘पुण्यात पहिली पूर्ण करून आली, तरी इथे पुन्हा पहिलीतच बसवतायत.’ दर वर्षी ऑगस्ट उजाडला की ही तक्रार ऐकू येते. दुसरी तक्रार जरा मोठ्या मुलांच्या घरातून येते: दहावीला ८६ टक्के मिळवलेल्या मुलाला नववीचे विषय पुन्हा घ्यायला सांगितलेत. बहुतेक वेळा शाळेने नियमाबाहेरचं काही केलेलं नसतं. पालक चुकीच्या टप्प्यावर चुकीचा कागद पुढे करतात, एवढंच. लहान मुलाच्या बाबतीत ते प्रगतिपुस्तक घेऊन भांडतात, तिथे विचारली जाते जन्मतारीख. मोठ्या मुलाच्या बाबतीत जन्मदाखला नीट असतो, पण नववीची गुणपत्रिका कोथरूडच्या कपाटात राहिलेली असते.

म्हणून आधी मूळ गोष्ट. किंडरगार्टन आणि पहिलीत इयत्ता ठरते ती जन्मतारखेवर. दुसरी ते आठवीत वय मुख्य, आणि त्याला पूर्ण केलेल्या इयत्तेचा आधार. नववीपासून पुढे वय मागे पडतं आणि क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची शाळेने धरलेली नोंद, मोजली जातात. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, कारण त्यांतले काही भारत सोडल्यावर करणं फार जिकिरीचं होतं.

१. वय आणि इयत्तेचं गणित आधी बसवा

अमेरिकेत शालेय शिक्षणाला के-ट्वेल्व्ह म्हणतात. किंडरगार्टन आणि त्यापुढच्या बारा इयत्ता, अशी तेरा वर्षं. हिशोब सोपा आहे: इयत्तेच्या आकड्यात ५ मिळवले की वर्ष सुरू होतानाचं साधारण वय येतं. फोर्थ ग्रेडचं मूल ९ वर्षांचं, एट्थ ग्रेडचं १३ वर्षांचं, ट्वेल्थचं १७ वर्षांचं.

प्रीस्कूल: ३ ते ४ वर्षं
प्री-के: ४ ते ५ (आपला ज्युनियर केजी किंवा छोटा गट)
किंडरगार्टन: ५ ते ६ (सीनियर केजी किंवा मोठा गट)
एलिमेंटरी, फर्स्ट ते फिफ्थ: ६ ते ११
मिडल स्कूल, सिक्स्थ ते एट्थ: ११ ते १४
हायस्कूल, नाइन्थ ते ट्वेल्थ: १४ ते १८

यात दोन गोष्टी आपल्या लोकांना चकवतात. किंडरगार्टन हा बालवाडीचा भाग नाही. तो एलिमेंटरी शाळेच्याच इमारतीत, बहुतेक ठिकाणी पूर्ण दिवसाचा आणि सरकारी शाळेत मोफत असतो. त्याआधीच्या वर्षांची मात्र सगळीकडे हमी नाही. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून १ सप्टेंबरपर्यंत ४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष, मोफत मिळतं. बऱ्याच इतर राज्यांत मात्र प्री-के म्हणजे खिशातून भरायची घसघशीत फी.

दुसरं म्हणजे शाळेची इमारत कुठल्या इयत्तेला बदलते ते देशभर सारखं नाही. टेक्ससमधल्या प्लेनोत नाइन्थ-टेन्थ एका शाळेत आणि इलेव्हन्थ-ट्वेल्थ वेगळ्या सीनियर हायस्कूलमध्ये, अशी रचना आहे. कुठे एलिमेंटरी सहावीपर्यंत असते, कुठे मिडल स्कूल पाचवीलाच सुरू होतं. म्हणून ‘मिडल स्कूलला जातो’ एवढ्यावरून इयत्ता कळत नाही. आकडा विचारावा.

हायस्कूलच्या चार वर्षांना नावं आहेत: फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनियर, सीनियर. हीच नावं पुढे पदवीच्या चार वर्षांनाही लागतात, त्यामुळे ‘भाची फ्रेशमन आहे’ म्हणजे ती १४ वर्षांचीही असेल आणि १८ वर्षांचीही. याच्या जोडीला ‘क्लास ऑफ २०३०’ असा उल्लेख सतत येतो. ते वर्ष शाळा सुरू केल्याचं नसतं, २०३० च्या मे-जूनमध्ये बारावी संपणार असा त्याचा अर्थ.

इशारा: आपल्याकडे दहावीनंतर मूल ‘कॉलेजात’ जातं. अमेरिकन फॉर्मवर अकरावीच्या मुलासाठी कॉलेज किंवा ज्युनियर कॉलेज लिहू नका. तिथे ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. समोरचा माणूस मुलाचं हायस्कूल संपलं असं समजतो, आणि मग त्याला शाळेत प्रवेश कशाला हवाय हेच त्याला कळत नाही. ‘इलेव्हन्थ ग्रेड’ लिहा आणि कॉलेजचं नाव तसंच्या तसं द्या.

२. कटऑफ तारीख शोधा, तीही तुमच्या डिस्ट्रिक्टची

कुठल्या तारखेला ५ वर्षं पूर्ण हवीत हे केंद्र सरकार ठरवत नाही. ते राज्य ठरवतं, आणि काही राज्यांत स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. टेक्सस, कॅलिफोर्निया, इलिनॉय, जॉर्जिया यांची तारीख १ सप्टेंबर. वॉशिंग्टन राज्य आणि नॉर्थ कॅरोलायना ३१ ऑगस्ट. व्हर्जिनिया ३० सप्टेंबर. न्यू जर्सीत ती डिस्ट्रिक्टवर सोपवलेली आहे आणि बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबर आहे. न्यूयॉर्क शहरात कॅलेंडर वर्ष धरतात, म्हणजे ३१ डिसेंबर.

एकाच मुलावर याचा परिणाम बघा. जन्म १५ नोव्हेंबर २०१९. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हवीत, त्यामुळे जून २०२५ मध्ये हे मूल पहिलीत गेलं. २०२६ च्या उन्हाळ्यात कुटुंब टेक्ससला आलं. तिथल्या हिशोबाने १ सप्टेंबर २०२५ ला मूल ५ वर्षांचं होतं, म्हणजे ते वर्ष किंडरगार्टनचं, आणि ऑगस्ट २०२६ पासून पहिली. आईबाबा म्हणतात, पहिली तर झाली! हेच कुटुंब न्यूयॉर्क शहरात उतरलं असतं तर त्याच मुलाला सप्टेंबर २०२६ मध्ये दुसरी मिळाली असती, एक शब्दही न बोलता.

राज्य मंडळाच्या शाळेतून येणाऱ्या लहान मुलांसाठी ठोकताळा असा: जन्म जानेवारी ते ऑगस्टमधला असेल तर इयत्तेचा आकडा सहसा तोच राहतो. सप्टेंबर ते डिसेंबरचा असेल तर १ सप्टेंबरच्या राज्यात एक पायरी खाली येण्याची तयारी ठेवा. केंद्रीय विद्यालयात नेमकं उलटं होऊ शकतं. तिथे ३१ मार्चला ६ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे मे-जूनमध्ये जन्मलेलं मूल अमेरिकन हिशोबाने एक इयत्ता वर निघतं. म्हणजे पहिली पूर्ण केलेल्या मुलाला थेट तिसरी सांगितली जाऊ शकते. अशा वेळी खूश होण्याआधी विचार करा. मूल एक आख्खं वर्ष गाळणार आहे, आणि तेही नव्या भाषेत.

मोठ्या मुलांच्या प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्रातला वयाचा नियम वेगळा होता आणि खासगी शाळांनी तो आपापल्या परीने पाळला. त्यामुळे आत्ता कितवीत आहे यावरून अंदाज बांधू नका. जन्मतारखेपासून सुरुवात करून मोजा.

तपासा: तारीख डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, चालू शालेय वर्षाच्या पानावर बघा. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालेलं उत्तर मनापासून दिलेलं असतं, पण देणारा दुसऱ्या राज्यात राहतो किंवा त्याची मुलगी आता नोकरीला लागलेली असते. कनेटिकटमध्ये वर्षानुवर्षं १ जानेवारी ही तारीख होती. ती २०२४-२५ पासून १ सप्टेंबर झाली, आणि जुना सल्ला अजून फिरतोच आहे.

३. निघण्याआधी गोळा करायचे कागद

शाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हे घ्या. मे महिन्यात कार्यालय उघडं असलं तरी सही करणारे मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात.

जन्मदाखला महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा, इंग्रजी मजकुरासह. शाळा सोडल्याचा दाखला. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं. नववीपुढच्या मुलांसाठी नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका. यांच्या शाळेच्या शिक्क्यासह साक्षांकित प्रती, आणि त्यांतला एक संच शाळेच्या पाकिटात सीलबंद. काही डिस्ट्रिक्ट सीलबंद पाकीटच मागतात, आणि ते तुम्ही उघडलं की उपयोग संपला.

शिवाय शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: मूल कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या इयत्तेत होतं, ती इयत्ता पूर्ण केली की अर्ध्यात सोडली, आणि गुणांची पट्टी काय आहे. ही तिसरी गोष्ट कोणी मागत नाही आणि मग तिच्यावाचून अडतं. राज्य मंडळात दहावीला ३५ ला पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम, ७५ ला विशेष प्राविण्य. अमेरिकेतली नेहमीची पट्टी ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी, आणि ६० च्या खाली एफ, म्हणजे नापास. पट्टी जोडलेली नसेल तर आपल्या विज्ञानातल्या ५८ ला नापास समजतात आणि विशेष प्राविण्याच्या ७६ ला सी. पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकात अ-१, ब-२ अशा श्रेणी असतात. त्यांच्या टक्केवारीच्या मर्यादाही त्या पत्रात यायला हव्यात.

मराठी माध्यमाची प्रगतिपुस्तकं असतील तर अधिकृत अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. भारतात ते अनेक पटींनी स्वस्त पडतं. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अमेरिकन शाळा मागत नाही. मात्र परत येण्याची थोडीही शक्यता असेल तर ती करून ठेवायला हरकत नाही.

इशारा: दाखल्याच्या इंग्रजी नावात ‘स्कूल लीव्हिंग’ असतं. ते वाचून मुलाने शाळा कायमची सोडली किंवा शिक्षण पूर्ण केलं असा गैरसमज होऊ शकतो. एकटा दाखला देऊ नका, वरचं पत्र सोबत लावा.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांनी सर्वात जास्त घोळ होतो.

तारीख. आपण ०९/०८/२०१९ लिहितो तेव्हा ती ९ ऑगस्ट असते. अमेरिकन कारकून महिना आधी वाचतो, त्याच्यासाठी ती ८ सप्टेंबर झाली. कटऑफ १ सप्टेंबर असेल तर मूल एका फटक्यात एक इयत्ता खाली. लसीकरण कार्डावरही हेच होतं, आणि दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसून डोस बाद ठरतो. प्रत्येक फॉर्मवर महिना अक्षरांत लिहा आणि भारतातल्या पत्रांतही तसाच लिहून घ्या.

नाव. गुणपत्रिकेवर ‘जोशी सई मिलिंद’ असा क्रम असतो. अमेरिकेत पहिला शब्द ते नाव आणि शेवटचा ते आडनाव, म्हणून संगणकात मुलगी ‘जोशी’ आणि तिचं आडनाव ‘मिलिंद’ होतं. मग पासपोर्टशी जुळत नाही. फॉर्म पासपोर्टप्रमाणेच भरा आणि गुणपत्रिकेच्या प्रतीवर कुठला शब्द कशासाठी आहे ते चिठ्ठी लावून सांगा.

४. लसी: यात सगळ्यात जास्त वेळ जातो

इयत्ता कितीही बिनचूक ठरली तरी लसी अपुऱ्या असतील तर वर्गात बसता येत नाही. नियम राज्याचे असतात, पण आपल्या मुलांची अडचण जवळपास सगळीकडे सारखीच निघते.

सरकारी कार्यक्रमात ९ व्या महिन्यात गोवर-रुबेला दिली जाते. अमेरिकन शाळांना गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्हींची एमएमआर हवी, दोन डोस, आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर. त्यामुळे ९ व्या महिन्याचा डोस मोजत नाहीत, आणि गालगुंड नसलेली लस अपुरी धरतात. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे दिली असेल तर नोंद दाखवा, नसेल तर निघण्याआधी सुरू करा. दोन डोस लागतात आणि मध्ये अंतर ठेवावं लागतं. पोलिओचे एप्रिल २०१६ नंतर दिलेले तोंडी थेंब अमेरिकेत धरले जात नाहीत, कारण त्यात तिन्ही प्रकारांचं संरक्षण नाही. इंजेक्शनच्या डोसांची नोंद वेगळी दाखवावी लागते. साधारण सातवीला धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा टीडॅप बूस्टर बहुतेक राज्यांत लागतो, आणि बऱ्याच राज्यांत मेंदूज्वराचीही लस.

क्षयरोगाच्या तपासणीबद्दल एक सूचना. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी नुसत्या बीसीजीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा भेटी, आणि शाळेचा आठवडा बुडतो. सुरुवातीलाच आयग्रा ही रक्तचाचणी मागा.

तपासा: सगळ्या लसी डॉक्टरांच्या लेटरहेडवर, इंग्रजी नावांसह, पूर्ण तारखांसह, सही-शिक्क्याने एका पानावर. पिवळ्या-गुलाबी कार्डावरची ‘दिली’ अशी टिकमार्क पुरत नाही. अमेरिकेत विमा सुरू व्हायला वेळ असेल तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य विभागात लसी कमी खर्चात मिळतात. काही राज्यं उरलेल्या डोसांच्या वेळापत्रकावर सशर्त प्रवेश देतात, तेव्हा ‘अपूर्ण आहे म्हणजे नाहीच’ असं धरून घरी बसू नका.

५. आधी पत्ता, मग शाळा

सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा आणि समोरच्या बाजूला दुसरी, हे नेहमीचं. भाडेकरार करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकून शाळा बघा, घरांच्या जाहिरातीत लिहिलेल्या नावावर विसंबू नका. वेगाने वाढणाऱ्या उपनगरांत जवळची शाळा भरलेली असली तर मुलाला दुसरीकडे पाठवतात. तेही डिस्ट्रिक्टला आधीच फोन करून विचारता येतं.

पुरावा म्हणून भाडेकरार आणि वीज-पाण्याचं बिल चालतं. पहिला महिना नातेवाइकांकडे राहणार असाल तर घरमालकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याचा नमुना डिस्ट्रिक्टचाच वापरा.

व्हिसाबद्दल भीती खूप असते, म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर सरकारी शाळा इमिग्रेशनच्या दर्जावरून मुलाला नाकारू शकत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर प्रवेशासाठी सक्तीचा नाही. एच-४ किंवा एल-२ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेली मुलं बिनदिक्कत शिकू शकतात. मात्र पर्यटक व्हिसावर आलेल्या भाच्याला दोन महिने शाळेत घालण्याचा विचार करू नका, त्या व्हिसात शिक्षणाला परवानगी नाही. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मूल पाठवायचं असेल तर सरकारी शाळेत फक्त हायस्कूल, जास्तीत जास्त १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून.

६. नोंदणीचा दिवस

क्रम पाळा: ऑनलाइन अर्ज, मग कागद अपलोड, मग रजिस्ट्रारची (शाळेत प्रवेश आणि नोंदी बघणाऱ्या कर्मचाऱ्याची) भेट, मग भाषेची चाचणी, मग वर्ग. कागद अर्धे असतील तर आधी भेटीला जाऊन फायदा होत नाही. टेक्सस-जॉर्जियात शाळा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत सुरू होते, न्यूयॉर्क-न्यू जर्सीत बहुधा लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत, म्हणजे आपली बरीच मंडळी राहतात त्या कॅरीच्या परिसरात, बारमाही वेळापत्रकाच्या शाळाही आहेत आणि त्या जुलैतच भरतात. ‘सप्टेंबरला बघू’ असं म्हणून निवांत राहिलेलं कुटुंब तिथे दोन महिने उशिरा पोहोचतं.

अर्जात घरी कुठली भाषा बोलता असा प्रश्न असतो. पुष्कळ पालक तिथे इंग्रजी लिहितात, मुलावर शिक्का बसू नये म्हणून. मराठी लिहा. मग मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं ती पार करतात आणि विषय तिथेच संपतो. जी करत नाहीत त्यांना इंग्रजीची जादा मदत मिळते, आणि निकाल शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालकांना कळवावा लागतो. ही मदत नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तरीही मूल पुरेसं तयार होईपर्यंत वार्षिक चाचणी होतच राहते. माझं मत विचाराल तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी ही मदत घ्यावीच. या चाचणीवरून इयत्ता खाली आणत नाहीत. तसं कोणी सुचवलं तर कारण लेखी मागा.

७. इयत्ता पटली नाही तर

किंडरगार्टन-पहिलीच्या सीमेवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. तारीख कायद्याने ठरलेली असते आणि रजिस्ट्रारला ती बदलण्याचा अधिकार नसतो. वर्गात नजर टाकली तर आपलं मूल काही मोठं दिसत नाही, हेही लक्षात येईल. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, मुद्दाम एक वर्ष थांबवून किंडरगार्टनला घालणारे अमेरिकन पालक पुष्कळ आहेत.

दुसरी-तिसरीपासून पुढे थोडी जागा असते. मूल सीमेवरच्या महिन्यांतलं असेल आणि वरची इयत्ता पूर्ण केल्याचं पत्र असेल, तर मुख्याध्यापकांची भेट मागा. सोबत प्रगतिपुस्तकं, वह्या आणि गणिताचं पाठ्यपुस्तक न्या. ‘आमच्याकडे गणित खूप पुढे आहे’ एवढ्याने काही हलत नाही. कुठला धडा पूर्ण झालाय ते दाखवावं लागतं.

पण खरोखर वर ढकलायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. गणित सोपं वाटतं म्हणून आख्खी इयत्ता उडी मारणारं मूल वाचन-लेखनात आणि मैत्रीत अडखळतं. त्यापेक्षा वयाची इयत्ता घ्यावी आणि फक्त गणितात वरचा वर्ग मागावा. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये तशी सोय असते, आणि गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांसाठीच्या, कार्यक्रमाच्या चाचण्यांना ठरावीक मुदत असते. ती मुदत पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

८. नववी ते बारावी: इथे सगळं गणित बदलतं

अमेरिकन हायस्कूल नववीला सुरू होतं. नववीपासूनच्या प्रत्येक विषयाचं क्रेडिट मिळतं आणि ठरावीक क्रेडिट झाल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. टेक्ससमध्ये किमान २२ लागतात. मुलाला सॉफमोर म्हणायचं की ज्युनियर, ते अनेक डिस्ट्रिक्टमध्ये या मोजणीवरच ठरतं.

सर्वात महाग चूक इथे होते. पालक बोर्डाची दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट करून आणतात आणि नववीची, ‘शाळेचीच तर परीक्षा होती’ म्हणून, सोडून येतात. अमेरिकन काउन्सेलरच्या, म्हणजे मुलाचे विषय आणि क्रेडिट बघणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराच्या, लेखी बोर्ड आणि शाळा असा फरक नाही. नववी नाही म्हणजे एका वर्षाची क्रेडिट नाहीत.

गणिताची तयारी जरा जास्त करा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २ असे स्वतंत्र वर्षभराचे विषय असतात. आपल्या नववी-दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही एकाच वर्षात, आणि गुणपत्रिकेवर मात्र ‘गणित’ अशी एकच ओळ. ती ओळ बघून काउन्सेलर एकच विषय धरतो आणि दहावी झालेली मुलगी पुन्हा जॉमेट्रीत जाऊन बसते. दोन्ही वर्षांच्या, दोन्ही भागांच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत छापून न्या आणि शाळेच्या पत्रात बीजगणित व भूमिती वेगळे लिहून घ्या. तरीही शंका असेल तर चाचणी घेऊन क्रेडिट द्या अशी विनंती करा. बऱ्याच ठिकाणी ती मान्य होते.

मराठी, हिंदी, संस्कृत यांचे गुण वाया घालवू नका. परकीय भाषेच्या क्रेडिटसाठी ते धरता येतात का ते विचारा. धरले गेले तर स्पॅनिशची दोन वर्षं वाचू शकतात. उलट अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हे विषय मुलाकडे नसणारच, ते उरलेल्या वर्षांत बसवावे लागतात. बारावीत आलेल्या मुलाचं वेळापत्रक त्यामुळे ठासून भरतं.

गुण कसे नोंदवणार तेही विचारा. काही डिस्ट्रिक्ट भारतातले विषय केवळ ‘पास’ म्हणून नोंदवतात आणि सरासरीत धरत नाहीत. राज्य मंडळातून ७० ते ८० टक्के घेऊन आलेल्या मुलासाठी हे बहुधा फायद्याचं असतं.

तपासा: दहावी मार्चमध्ये, निकाल मे-जूनमध्ये आणि काउन्सेलर जुलैत रजेवर. निकाल लागला की लगेच ईमेल करा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली वेळ ठरवून घ्या, नाहीतर नको ते वैकल्पिक विषय पदरात पडतात.

मूल एच-४ वर असेल तर २१ व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो, हेही मनात ठेवा. हायस्कूलला एक वर्ष मागे बसायला हो म्हणण्याआधी पदवीच्या वर्षांचा हिशोब कागदावर मांडून बघा.

९. वर्षाच्या मध्ये पोहोचलात तर

जानेवारीत आलात तर सोपं आहे. भारतात सहावी चालू होती, इथेही सिक्स्थ चालू आहे. एप्रिल-मेमध्ये गोंधळ होतो. सीबीएसईची सातवी एप्रिलमध्ये सुरू झालेली असते आणि इथे सिक्स्थचे शेवटचे आठवडे चाललेले असतात. शाळा मुलाला सिक्स्थमध्ये बसवते आणि पालक म्हणतात मागे ढकललं. ढकललेलं नाही. ऑगस्टमध्ये ते मूल सेव्हन्थलाच जाणार. मात्र नोंदणीच्या वेळी ‘पुढच्या वर्षी कुठली ग्रेड’ हे ईमेलवर लिहून घ्या, म्हणजे जूनमध्ये चुकून तीच इयत्ता पुन्हा नोंदली जात नाही.

१०. पहिल्या महिन्यात

शाळेच्या पालक पोर्टलवर लॉगिन मिळालं की पाच गोष्टी बघा: नावाचा क्रम, जन्मतारखेतला महिना, ग्रेड, हायस्कूल असेल तर ‘क्लास ऑफ’चं वर्ष, आणि ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या सगळ्या विषयांच्या अधिकृत नोंदपत्रावर) भारतातली क्रेडिट चढली आहेत का. चूक सापडली तर वर्गशिक्षकांना सांगून होत नाही, रजिस्ट्रारला ईमेल करा आणि सोबत पासपोर्टचं पान जोडा. हायस्कूलची क्रेडिट दिसायला कधी कधी काही आठवडे लागतात, पण पहिलं सत्र संपेपर्यंत ती चढलेली नसतील तर काउन्सेलरची वेळ घेऊन प्रत्यक्ष जा. मूळ गुणपत्रिका दाखवा, हातात मात्र साक्षांकित प्रतच द्या.